सलग चार आठवडे

(बालाघाट, सन दोन हजार सहा. दसरा होऊन गेलेला, दिवाळी यायची आहे. रविवारची दुपार. पियुष कॉम्प्युटरपुढं बसलेला, त्याची चुलत बहीण ईरा त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी.)

ईरा : फाईल चढल्यावर ते 'सुरू'चं बटन दाबलंस ना दादा, तर मेन स्विच पाडीन मी. सांगून ठेवते. माझ्या डोक्यावरच आहे तो, अन् आता हात पुरते माझा.

पियुष : पाड! फाईल अर्धी चढली आहे, मग पुन्हा पहिल्यापासून चढवीन. काकूच्या फोनचं बिल वाढन, माझं काय जाते?

ईरा : तुझी बस जाईन. चारची नागपूर.

पियुष : अगं, पण आधी पाहा तर खरं! तिकडून कायले ओरडून राह्यली? आत ये, बस इथं. रजतनं काय भारी नांगर काढला आहे, दोन दिवस तेच करत होता. सोन्यासारखा चमकते.

ईरा : दिसते मले इथूनच. केळ्यासारखा आहे. बैल खाऊन टाकतील त्याले.

पियुष : तुले ना, कशाची कदरच नाही. सोनगाव मी बनवला का तू? होस्टेलच्या त्या पंख्याखाली बसून मी अन् रजतनं अख्खा गेम उभा केला. जमीन, तलाव, धान, बाजार, सगळं. आता त्यात काय टाकायचं ते बी तुले विचारू?

ईरा : हौ, मलेच विचार. बनवला तू, पण खेळते कोण? पहिल्या नंबरावर कोणाचं गाव आहे? वाच. जोरात वाच.

पियुष : बारासिंगा.

ईरा : अन् बारासिंगा कोण?

पियुष : माहीत आहे बाई, तू.

ईरा : तुले माहीत आहे. तुझ्या होस्टेलले नाही! "बारासिंगा भाऊ, तलाव कसा खोदला, सांगा ना." "बारासिंगा भाऊ, धान कधी विकू?" परवा रजत मले लिहून राह्यला होता, "भाऊ, कधी नागपूरले आले तर चहा पाजतो." मी बी लिहिलं, "बघू, टाइम भेटला तर."

पियुष : त्याले वाटते तू कोणी जंगल खात्यातला रेंजर-बिंजर आहे. असो. ऐक आता दोन मिनिटं, मग स्विच पाड नाही तर खांबावर चढून तार तोड. परीक्षेनंतर अर्धे लोक खेळायचे बंद झाले. येतात, गाव बनवतात, कंटाळतात, जातात. म्हणून आम्ही आठवड्याचं काम ठेवून राह्यलो. सोमवार ते रविवार, रोज यायचं अन् तलावातून शेताले पाणी सोडायचं. आठवडा पूर्ण झाला की बियाण्याचं पोतं फुकट. अन् सलग चार आठवडे केलं की सोन्याचा नांगर. मग पीक दुप्पट, कायमचं. उद्यापासून सुरू.

ईरा : एक दिवस चुकला तर?

पियुष : तो आठवडा गेला.

ईरा : तीन आठवडे केले, अन् चौथ्यात एक दिवस चुकला तर?

पियुष : तर पुन्हा पहिल्यापासून. त्यातच तर मजा आहे!

ईरा : ही मजा नाही, हजेरी आहे. खेळायले बोलावता अन् दारात मास्तर उभा करता. मी पहिली कशी आली? धान निघाल्याबरोबर सगळे विकायले पळतात, मी थांबते. तुम्ही सगळ्यांनी घरं बांधली, मी आधी तलाव खोदला. डोकं चालवलं म्हणून आली. आता ज्याले ढ अक्षर समजत नाही, तो रोज येऊन एक बटन दाबन अन् माझ्यापुढं जाईन?

पियुष : रोज येते म्हणजे त्याले खेळाची माया आहे ना! खराखुरा शेतकरी रोज शेतात जात नाही काय?

ईरा : जाते. पण रोज पाणी सोडत नाही! तू नागपूरले राहून धान विसरला काय रे? धानाच्या बांधीत पाणी आधीच उभं असते. रोज सोडशील तर बांध फुटन, अन् शेजाऱ्याचं शेत बी बुडन.

पियुष : गेम आहे ग तो!

ईरा : मग गेमसारखा ठेव ना. बक्षीस चांगलं खेळण्याचं द्या. येऊन बसण्याचं कायले?

पियुष : माणसाले थोडं ओढावं लागते, ईरा. सवय लागली की राहतात. अन् मले एक सांग, तुले अडचण काय आहे? तिकडं तिरोडी गावातल्या पोरांनी बोंबलावं, त्यांच्या घरी नेट नाही. तुझ्या तर घरात कॉम्प्युटर आहे. रोज संध्याकाळी बसतेस. नांगर सगळ्यात आधी तूच जिंकशीन.

ईरा : मी कधीच जिंकणार नाही.

पियुष : काहून?

ईरा : असंच.

पियुष : असंच म्हणजे? आळस. कबूल कर. रजत म्हणतच होता, पोरी टिकत नाहीत. आमच्या कॉलेजच्या काही जणी खेळत होत्या ना, घरून खेळायच्या. मस्त खेळतात खेळतात, अन् एकदम गायब. तीन-चार दिवस पत्ताच नाही. मग पुन्हा येतात, जसं काही झालंच नाही.

ईरा : दर महिन्याले?

पियुष : हौ, बहुतेक दर महि... तुले कसं माहीत?

ईरा : दादा, तू इंजिनिअर होणार आहेस ना?

पियुष : त्याचं काय?

ईरा : काही नाही. पूल नको बांधू फक्त. आता हे सांग, आमच्या शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस दरवर्षी कोणाले भेटते? मोहितले. त्याच्या आधी त्याच्या भावाले. त्याच्या आधी बी कोण्या पोरालेच. एका बी पोरीले नाही. काहून?

पियुष : तुम्ही आजारी पडता.

ईरा : आजारी नाही पडत. पाळी येते.

पियुष : अगं हळू! काकू आहे आत!

ईरा : आईले माहीत नाही काय? तिनंच तर मले इथं उभं केलं आहे. कालपासून.

पियुष : म्हणून तू आत येत नव्हती?

ईरा : मग काय, उंबरा आवडते म्हणून उभी आहे? अर्ध्या तासापासून "आत ये, आत ये" लावलं आहे तू. मान दुखून राह्यली माझी, इथून वाकून वाकून पाहून.

पियुष : पण... म्हणजे... देवाचं समजू शकतो. कॉम्प्युटरले काय होते?

ईरा : तोच तर आता देव आहे! बाबांनी आणला तेव्हा साऱ्या घरात मोठ्या पिनेचा पॉइंट एकच होता, या देवाच्या खोलीत. म्हणून ठेवला इथं. मिक्सर बी इथंच फिरायचा आधी, त्याच्या कोणी पाया पडलं नाही. पण दसऱ्याले बाबांनी याच्या डब्ब्यावर स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाह्यलं, वरून अक्षता टाकल्या. अक्षता गेल्या कीबोर्डात. आठवडाभर ते लांब बटन दाबलं की करकर वाजत होतं. ती करकर थांबली, पण हा देवाचा झाला तो झालाच. आता ते चार दिवस मी याले शिवायचं नाही.

पियुष : अरे यार.

ईरा : आता तूच पाहा. सलग चार आठवडे म्हणजे जवळपास महिना. माझे दिवस त्यात येणारच. या महिन्यात बी, पुढच्या महिन्यात बी. तुझा नांगर मले जन्मात भेटत नाही, दादा. मी कितीही चांगली खेळली तरी! अन् ज्यांले भेटन त्यांचं पीक दुप्पट. दिवाळी झाली की बारासिंगा खाली, अन् रजतचं ते मरतुकडं गाव वर. मले हरवायले तुम्हाले खेळावं बी लागलं नाही. एक नियम लिहिला, बस.

पियुष : देवाशपथ, माझ्या डोक्यातच नाही आलं.

ईरा : कसं येईन? पंख्याखाली तुम्ही दोघं बसले. दोघांले बी येत नाही.

पियुष : बरं, एक कर. तुझा पासवर्ड मले देऊन ठेव. ते चार दिवस तुझ्या शेताले मी पाणी सोडत जाईन. कोणाले कळणार नाही.

ईरा : मले कळन ना! माझे काय हात मोडले आहेत? बारासिंगाच्या गावात बारासिंगाच पाणी सोडन.

पियुष : मग 'सलग' हा शब्दच काढून टाकतो. रोजचं बी काढतो. आठवड्याचं काम आठवड्यात केव्हाही करा. झालं? आता तर स्विचवरचा हात काढ.

ईरा : खरंच काढशीन?

पियुष : एक ओळ आहे. एका मिनिटाचं काम.

ईरा : एका मिनिटाचं. बघ, तुझा नियम तू एका मिनिटात बदलून राह्यला. त्या बाकीच्या पोरींचं तर भलं होईन. पण मी? मी पुढच्या महिन्यात पुन्हा याच उंबऱ्यावर. तुझा बदलते, तर घरचा काहून नाही बदलत?

आई : काय आरडाओरडा लावला ग दुपारचा? शेजारी ऐकतात. अन् पियुष, फोन कधी सोडशीन बाबा? सकाळपासून तुझं नेट चालू आहे. मले ऑफिसातल्या शीलाले लावायचा आहे, ती वाट पाहून राह्यली असन.

पियुष : काकू, फाईल चढून राह्यली. थोडीशीच राह्यली.

ईरा : आई, मी आत चालली.

आई : कुठं आत?

ईरा : इथं. कॉम्प्युटरवर.

आई : डोकं फिरलं काय? परवा नहाणं झालं की बस ना. कोण नाही म्हणते?

ईरा : परवा नाही. आज. एक विचारू? तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे. त्या चार दिवसांत तू त्याले शिवत नाहीस काय?

आई : पियुष, तू जरा अंगणात जाऊन ये बेटा.

पियुष : हौ काकू, मी...

ईरा : बसू दे त्याले! नियम लिहिते तो. ऐकू दे.

आई : ऑफिसचं वेगळं असते. तो सरकारी कॉम्प्युटर आहे.

ईरा : अन् त्याची पूजा नाही झाली?

आई : झाली असन. मले काय माहीत?

ईरा : तुले काय माहीत! दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेढे कोण घेऊन आलं? "बाबूलालनं नारळ फोडला, साऱ्या मशिनींले हार घातले, माझ्या मशिनीले तर दोन घातले," कोण सांगत होतं जेवताना?

आई : तिथं काम असते. मी काय साहेबांले सांगू, चार दिवस टाइप नाही करत म्हणून?

ईरा : मग देव तुझ्या साहेबांले घाबरते काय?

आई : तोंड सांभाळ, ईरा!

पियुष : काकू, मी हसलो नाही.

आई : हसलास तू. पाहिलं मी. ईरा, तिथं पोटाचा प्रश्न आहे. तुझा तर खेळ आहे. खेळ राहू शकते चार दिवस.

ईरा : खेळ आहे म्हणूनच तर विचारून राह्यली! साहेबाचं काम असलं की शिवलेलं चालते. पोरीले मजा येत असली की चालत नाही. हे कोण्या पोथीत लिहिलं आहे, दाखव मले. मी वाचते. पोथीले तर मी हात लावू शकत नाही, तू वाचून दाखव.

आई : मी काय हौसेनं पाळलं काय ग? लग्न होऊन आली तेव्हा मागच्या छपरीत चटई टाकून बसायची मी. पावसात पाणी यायचं अंगावर. तुमच्या आजीनं एक दिवस बी सूट दिली नाही. तू तर घरभर फिरतेस, जेवतेस, टीव्ही पाहतेस. एवढी एक खोली सोडली.

ईरा : ती चटई तुले आवडायची?

आई : आवडायले काय? कोण विचारत होतं?

ईरा : मी विचारून राह्यली ना आता.

आई : नाही आवडायची.

पियुष : काकू, फाईल चढली. फोन मोकळा करू?

आई : राहू दे तुझा फोन! ...हे पाहा ईरा, मी भाजीले चालली. रविवारचा बाजार आहे, यायले मले तास लागन. मी नसताना तुम्ही दोघं इथं काय करता, ते मले काही दिसत नाही.

पियुष : चला, सुटलो! ये ईरा, बस. काकू, पिशवी देऊ?

ईरा : नाही.

पियुष : आता काय नाही? ती जाऊन राह्यली ना!

ईरा : म्हणूनच नाही. आई, तू घरी असतानाच बसणार मी. तुझ्या डोळ्यांपुढं. चोरून बसली तर दर महिन्याले तुले चार-चार वेळा भाजीले जावं लागन. इतकी भाजी खाईन कोण?

आई : लय शहाणी झाली तू.

ईरा : कोणाची पोरगी आहे? बघ, मी पाय ठेवून राह्यली. हा एक. हा दुसरा. आई, बघ ना इकडं! काही झालं? समई विझली? छत पडलं?

आई : देवांकडे जाऊ नको.

ईरा : नाही जात. मले देव नाही पाहिजे, खुर्ची पाहिजे. ऊठ दादा.

पियुष : काकू, मी उठू?

आई : मले कायले विचारतो? खुर्ची तिच्या बापाची आहे.

ईरा : सरक! ...हा! आता कसं मस्त दिसून राह्यलं सगळं. आई, हे माझं गाव. हा मोठा तलाव, मी खोदला. अन् हे सगळं धान, पिकून राह्यलं. तिकडून दारातून नाही दिसत, ये ना जवळ.

आई : दिसते मले.

पियुष : बरं, नियमाचं सांग. मी बदलतो, पण रजत वाद घालन. तो म्हणन, रोजचं काढलं तर लोक रोज येणार नाहीत.

ईरा : खेळ चांगला असन तर येतील. नसन तर नांगर दाखवून कायले बोलावता? आठवड्याचं काम ठेव, मी नाही म्हणत नाही. पण काम असं दे की डोकं लागन. कालवा काढा, बाजाराचा भाव ओळखा. एका दिवसात करा नाही तर सात दिवसांत. जो चांगलं करन त्याले नांगर. अन् रोज पाणी बिलकुल नाही. बांध फुटन.

पियुष : हे तूच त्याले समजाव. तुझं ऐकन तो, बारासिंगा भाऊचं.

ईरा : समजावते. थांब, लिहितेच. "रजत, मी पियुषची बहीण ईरा. बारासिंगा मीच आहे. दहावीत आहे, शाळेत जाते, रेंजर नाही. तुमच्या सोन्याच्या नांगराचा नियम..."

पियुष : ते कारण बी लिहून राह्यली?

ईरा : हौ.

पियुष : अगं, साऱ्या होस्टेलमध्ये वाचतील! मी तोंड कुठं लपवू?

ईरा : तू कायले लपवतो? तुले थोडीच येते.

आई : ईरा, लिहू नको असं परक्या पोराले.

ईरा : आई, तो नियम लिहून मोकळा झाला अन् मी कारण बी लिहू नको? त्याले माहीतच नसन तर तो पुढच्या वेळी पुन्हा तेच लिहीन. झालं. पाठवलं. गेलं बी!

पियुष : मेलो मी.

ईरा : पहिल्यांदा बारासिंगानं स्वतःच्या नावानं लिहिलं. आता पाहू कोण चहा पाजते ते!

आई : हे सगळं ठीक आहे. पण तुझे बाबा लालबर्र्याहून सहाले येतील. या खुर्चीत तू दिसशीन त्यांले. मग?

ईरा : मग मीच सांगीन. लपवणार नाही. आले की दारातच सांगीन.

आई : दारात नको. आधी हातपाय धुवू दे. जेवू दे पोटभर. मग सांग. मी बी तिथंच बसून असन.